बहात्तर लाख अंकांना नवाचा ताळा

२ ला २ ने गुणत राहा. एकूण २,४०,३६,५८३ दोन एकमेकांशी गुणून झाले की थांबा आणि उत्तरातून १ वजा करा. जी संख्या येते ती ७२,३५,७३३ अंकी आहे. एका पानावर तीन हजार अंक छापले तर साधारण चोवीसशे पानांचा ठोकळा होईल आणि त्यात वाचण्यासारखं काहीही नसेल. सुरुवात २९९४ ने, शेवट ९४०७ ने. या संख्येला आपण आता ठोकळाच म्हणू, नाहीतर दर वेळी ते घात-बित लिहीत बसावं लागेल.

ठोकळा ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. हे कळलं १५ मे २००४ रोजी. 'गिम्प्स' नावाचा एक उद्योग १९९६ पासून चालू आहे. जगभरातले हौशी लोक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ मोठमोठ्या मूळ संख्या शोधायला देतात. त्यातल्या जॉश फिंडली या गृहस्थांच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ ने दोन आठवडे घासून हे उत्तर काढलं. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. हा मान आता तिच्याकडे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे, तिच्यापुढे आपला ठोकळा म्हणजे पोस्टकार्ड.

मग अख्खा वीकांत मी या जुन्या संख्येवर का घालवला? तर तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट माहीत आहे म्हणून. ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबॉडी यांनी दाखवलं की ठोकळा नुसता मूळ नाही, तो 'सेल्फ नंबर'ही आहे. एक कमी दोनाचा घात, अशा स्वरूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. तोपर्यंत सापडलेल्या मर्सेन संख्यांत हा गुण असलेली ही सर्वांत मोठी. आणि 'सेल्फ नंबर' ही भानगड मूळची कुठली? देवळालीची. नाशिकजवळच्या.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. १९२९ ची. त्यानंतर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. ६१७४ वाले कापरेकर म्हटलं की बऱ्याच जणांना आठवतात. त्यांच्या 'डेम्लो' संख्या तर आपल्या सेंट्रल लाइनवरच्या. १२१, १२३२१, १२३४३२१ या जातीच्या संख्यांचा विचार त्यांना जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावर सुचला, म्हणून ते नाव. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. त्या स्टेशनावर आज विचार सुचायचा म्हणजे आधी पाय ठेवायला जागा मिळायला हवी. असो.

सेल्फ नंबर समजायला कागद-पेन्सिलही लागत नाही, पिनकोड पुरतो. आम्ही मूळचे गिरगावकर, पिन ४००००४. याच्या अंकांची बेरीज ८. ती त्याच संख्येत मिळवली की येतात ४०००१२. हा परळचा पिन, जिथे आम्ही आता राहतो! (चाळ सोडताना आमच्या डोक्यात हे गणित अजिबात नव्हतं, बजेट होतं.) पुढे जाऊ. ४०००१२ च्या अंकांची बेरीज ७, म्हणून ४०००१९, माटुंगा. त्यात १४ मिळवले की ४०००३३, काळाचौकी. अशी ही गाडी पुढे जातच राहते. प्रत्येक संख्या पुढच्या एका संख्येला जन्म देते. गिरगाव हा परळचा जनक, परळ माटुंग्याचा.

काही संख्यांना एकाहून जास्त जनक असतात. १०१ ला दोन आहेत, ९१ आणि १००. अशांना कापरेकरांनी 'जंक्शन' म्हटलं. गिरगावही जंक्शनच निघालं, कारण ४००००० + ४ करूनही तिथे पोचता येतं आणि ३९९९६४ + ४० करूनही. दादर पश्चिम म्हणजे ४०००२८, त्याचा एक जनक नरिमन पॉइंट, ४०००२१.

आणि काही संख्यांना जनकच नसतो. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, ३१ कधीच येणार नाही. हे सेल्फ नंबर. मला यासाठी अष्टविनायकातला 'स्वयंभू' हाच शब्द बरोबर वाटतो. शंभरपर्यंत अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. पुढे पुढे साधारण दहात एक सापडते. कापरेकरांनी यांवर १९६३ मध्ये देवळालीहून एक पुस्तिका काढली. १९७४ मध्ये एका अमेरिकन गणिती मासिकात कोलंबियातल्या एका गणितज्ञाने हाच प्रश्न मांडला, म्हणून काही ठिकाणी त्यांना 'कोलंबियन संख्या' म्हणतात. आपल्याकडची वस्तू परक्या गावाच्या नावाने विकली जाते तेव्हा होते तशी चिडचिड मला दर वेळी होते. त्यांना 'देवळाली संख्या' असंही एक नाव आहे, हे त्यातल्या त्यात समाधान.

पिनकोडांत स्वयंभू कोण आहे हे बघायला मी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि जे बाहेर आलं ते बघून खुर्चीत सरळ बसलो. ४००००५. कुलाबा! कुलाबा म्हणजे टी.आय.एफ.आर. ज्या संस्थेत या देशातलं अव्वल दर्जाचं गणित झालं, तिचा पत्ता देवळालीच्या मास्तरांच्या संख्येवर आहे. कुलाब्याच्या त्या इमारतीचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं ते १९६२ मध्ये. त्याच साली कापरेकर शाळेतून निवृत्त झाले, आणि पेन्शन पुरत नाही म्हणून शिकवण्या घेऊ लागले. आणखी एक गंमत. ४००००५ मध्ये ९ मिळवा, दादर पूर्व, ४०००१४. आणखी ९, ४०००२३. आणखी ९, ४०००३२. हा फोर्टमधल्या मुंबई विद्यापीठाचा पिन, ज्याची पदवी मास्तरांकडे होती.

योगायोग आहे, मला मान्य आहे. पण काय योगायोग आहे!

आता मूळ प्रश्न. ७२ लाख अंकी संख्येला जनक नाही, हे ठरवायचं कसं? तिच्याहून लहान प्रत्येक संख्या तपासायची म्हटली तर विश्व संपेल.

आधी तिचं मूळ असणं कसं तपासलं ते बघू, म्हणजे तुलना करता येईल. पद्धत ल्युका-लेमर यांची. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी बाकी शून्य उरली की संख्या मूळ. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, म्हणून तीन फेऱ्या: आधी १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ०. झालं. ठोकळ्यासाठी अशा २,४०,३६,५८१ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत लाखो अंकी संख्येचा वर्ग. दोन आठवडे उगीच लागले नाहीत.

स्वयंभूपणाचं गणित मी शनिवारी संध्याकाळी वहीत मांडत होतो. शेजारी अण्णा बसले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. ऐंशी कधीच ओलांडली. मुळजी जेठा मार्केटात एका कापडाच्या पेढीवर एकतीस वर्षं मेहताजी होते. गिरगावातून चालत जायचे, चालत यायचे. रोजमेळ, खतावणी, उभ्या बेरजा, सगळं हाताने, आणि पानाच्या शेवटी नवाचा ताळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संख्येचे अंक मिळवत मिळवत एक अंक उरेपर्यंत यायचं, तो तिचा ताळा. रकमांच्या ताळ्यांची बेरीज आणि एकूण रकमेचा ताळा जुळला नाही तर पानात कुठेतरी चूक आहे. १९९४ मध्ये पेढीवर संगणक आला. दिवाळीच्या आधी अण्णांचा हिशेब चुकता झाला, मिठाईचा बॉक्स हातात आला, आणि ते वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी घरी बसले. त्या वर्षी मी इंजिनिअरिंगला होतो, संगणकच शिकत होतो. अण्णा कोणाला वाईट बोलले नाहीत. एकदाच फक्त मला विचारलं होतं, "यंत्र बेरीज करतं हे ठीक, पण यंत्राचा ताळा कोण बघतं?"

तर वहीत डोकावून अण्णा म्हणाले, "केवढी आहे रे संख्या?"

मी सांगितलं.

"ताळा काय येतो तिचा?"

मी म्हटलं, "अण्णा, बहात्तर लाख अंक आहेत. बेरीज करायला आधी ती लिहावी लागेल."

"लिहायची कशाला? दोनाचे ताळे सांग बघू ओळीने."

मी सांगू लागलो: २, ४, ८, १६ म्हणजे ७, ३२ म्हणजे ५, ६४ म्हणजे १, १२८ म्हणजे पुन्हा २. "सहावर फिरतंय," अण्णा म्हणाले, आणि पेपरच्या कोऱ्या कडेवर त्यांनी २४०३६५८३ ला ६ ने भागलं. बाकी १. म्हणजे त्या अगडबंब घाताचा ताळा पहिल्या घाताइतकाच, २. त्यातून एक गेला. "ताळा एक."

७२,३५,७३३ अंकी संख्येचा ताळा, न लिहिता, 'लोकसत्ता'च्या कडेवर. मला यात मिनिटभर काही बोलता आलं नाही. हे मला येत नव्हतं असं नाही, बाकींचं गणित आम्हीही शिकलो. पण मी ते शिकलो ते इंग्रजीत, वेगळ्या नावाने, आणि आमच्या घरात ते आधीपासून होतं हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

पुढची पायरीही ताळ्याचीच. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज, दोन्हींचा ताळा एकच असतो. दोन्ही मिळून ठोकळा होतो, ज्याचा ताळा १. कुठल्या अंकाची दुप्पट केली की ताळा १ येतो? पाचाची, कारण १० चा ताळा १. म्हणजे जनक असलाच तर त्याचा ताळा ५ हवा. नवातल्या आठ संख्या इथेच बाद.

आता जनक किती मागे असू शकतो? त्याचे अंक जास्तीत जास्त ७२,३५,७३३, आणि सगळे ९ धरले तरी बेरीज ६,५१,२१,५९७. म्हणजे जनक ठोकळ्याच्या मागे साधारण साडेसहा कोटींच्या आत. तो दहा कोटीही मागे जात नाही, म्हणून शेवटचे आठ अंक सोडले तर त्याचं बाकीचं लांबलचक शेपूट (खरं म्हणजे डोकं) ठोकळ्यासारखंच असणार, फार तर एक हातचा घेतला जाईल. या दोन शक्यता. डोक्याच्या अंकांची बेरीज एकदाच करून ठेवायची, संगणकाला ते क्षणभराचं काम. उरलेल्या आठ अंकांची बेरीज शून्य ते ७२ यांतलीच काहीतरी असणार. म्हणजे प्रत्येक शक्यतेत ७३ उमेदवार, आणि ताळा ५ हवा ही अट लावली की त्यांतले आठ किंवा नऊ उरतात. दोन्ही शक्यता धरून जास्तीत जास्त अठरा!

अठरा संख्या तपासायच्या, बस. जी संख्या मूळ आहे हे ठरवायला दोन आठवडे लागले, ती स्वयंभू आहे की नाही हे चहा गार व्हायच्या आत ठरतं. हे अठरा कळल्यावर मी वही मिटून घरात दोन फेऱ्या मारल्या.

आता जरा उलट बाजू. हार्डी नावाचा थोर इंग्लिश गणितज्ञ (तोच, रामानुजनचा) १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात असल्या अंकांच्या गमतींना सरळ मोडीत काढतो. त्याने दिलेली उदाहरणं: ८७१२ आणि ९८०१ या उलट्या लिहिलेल्या संख्येच्या पटीत येतात, आणि १५३, ३७०, ३७१, ४०७ या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या आहेत. कोडी म्हणून ठीक, पण गणितज्ञाला यात काही नाही, असं त्याचं मत. त्याचा मुद्दा खोटा नाही. ३१ मूळ आहे ती तुम्ही दशमानात लिहा, द्विमानात लिहा, गोट्या मांडून दाखवा, मूळच राहते. स्वयंभूपणाचं तसं नाही. द्विमानात २८ म्हणजे १११००, त्यात तीन एक, २८ आणि ३ मिळून ३१. म्हणजे द्विमानात ३१ ला जनक आहे! आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून ती स्वयंभू, एवढंच. आणि आपला ठोकळा द्विमानात लिहिला तर २,४०,३६,५८३ एक ओळीने उभे, बाकी काही नाही.

मग कापरेकरांनी आयुष्य फुकट घालवलं का? ठोकळ्याच्या मूळ असण्याचा तरी काय उपयोग आहे, हे आधी कोणीतरी सांगावं. बँकेच्या व्यवहारांना कुलूप लावायला मूळ संख्या लागतात खऱ्या, पण त्या तीनेकशे अंकी. ७२ लाख अंकी मूळ संख्येने कुठलंही कुलूप लागत नाही. उपयोगाच्या तागडीत दोन्ही गुण सारखेच हलके आहेत. मला वाटतं हार्डीचा चष्मा मोठ्या सिद्धांतांचा होता, आणि त्यातून मास्तर दिसलेच नसते. मास्तरांना इथेही फारसं कोणी विचारत नव्हतं. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते गेले. आता त्यांच्या 'जंक्शन' संख्यांवर नील स्लोनसारखा माणूस शोधनिबंध लिहितो.

आणि हो, ठोकळ्याचे शेवटचे तीन अंक ४०७. हार्डीने नाक मुरडलेल्यांतलाच एक. :-)

अण्णांच्या १९९४ च्या प्रश्नाचं उत्तरही मला याच ठोकळ्याच्या गोष्टीत मिळालं. फिंडलींच्या पेन्टियमने शून्य बाकी दाखवल्यावर ती लगेच कोणी खरी मानली नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला तोनी रे यांनी सोळा प्रोसेसरांच्या वेगळ्या यंत्रावर सगळं गणित पुन्हा केलं, मगच जाहीर झालं. यंत्राचा ताळा दुसरं यंत्र बघतं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे दोन मेहताजी ठेवले."

रविवारी सकाळी मी त्यांना २१४७४८३६४७ लिहून दिली. दोनाचा एकतिसावा घात वजा १. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला ही संख्या झोपेत येते. चिन्हासह (signed) बत्तीस बिटांत मावणारा हा सर्वांत मोठा पूर्णांक, आणि १९ जानेवारी २०३८ ला जुन्या संगणकांची घड्याळं याच आकड्यावर अडणार आहेत. ती मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्येच दाखवून ठेवलंय, अर्थात पेन्टियमशिवाय. अण्णांना एवढंच सांगितलं की हिचा जनक आहे की नाही बघा.

त्यांनी ३१ ला ६ ने भागलं, बाकी १, म्हणजे ताळा पुन्हा एक, जनकाचा पाच. मग चष्मा पुसला आणि खतावणीसारखी उभी मांडणी केली. शेवटी ६४२, अंकांची बेरीज ४१, उत्तर ६८३ वर जातं, जास्त. नऊ मागे, ६३३, बेरीज ४१, जास्त. ६२४, जास्त. ६१५, जास्त. ६०६, बेरीज ४१, आणि ६०६ मध्ये ४१ मिळवले की ६४७. पाचव्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या, पेढीवर मारायचे तशा. २१४७४८३६०६.

"हिला आहे," म्हणाले. "दुसरी दे."

३, ७ आणि ३१ स्वयंभू निघाल्या. १२७ चा जनक १२२, ८१९१ चा ८१६८. हे दुपारी जेवायच्या आत झालं. पुढच्या दोघी, १३१०७१ आणि ५२४२८७, यांना चहापर्यंत वेळ लागला, कारण मध्ये मॅच होती. आता त्यांच्याकडे २ चा एकसष्टावा घात वजा १ आहे, २३०५८४३००९२१३६९३९५१, एकोणीस अंकी. तिलाही जनक आहे. मी तो प्रोग्रॅमने काढून ठेवलाय, पण अण्णांना सांगितलेला नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.